सात पाण्यांची कोय

सावर्डे,
११ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय शमू,

एवढे कागदांचे फोटो एकापाठोपाठ आलेले बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि पोफळीच्या वीजघरातली नोकरी संपून चार वर्षं झाली तरी कोयनेत पाणी किती चढलं हे ते रोज सकाळी मला सांगतात, जसं काही गेट मीच उघडणार आहे. आजी नव्वदीतही दोन्ही वेळ व्यवस्थित जेवते. भातकापणी सुरू झाल्यामुळे वर्गात निम्मीच मुलं येतात. शाळा सुटल्यावर नववी ब च्या रिकाम्या वर्गात बसून मी हे लिहितेय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, मी तुला तोडते, आणि शेवटी आपण 'जेवलीस का' यावर येतो. हे मला एका दमात सांगायचं आहे.

तुझं पुस्तक महिनाअखेरीला छपाईला जाणार हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय. युक्रेनमधला बत्तीस-तेहेतीस सालचा दुष्काळ शाळेत कसा शिकवावा याचं पुस्तक, तिकडच्या कॅनडातल्या शिक्षकांसाठी, आणि त्यात शेवटचा पाठ आपल्या सावर्ड्याचा! नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी, दुष्काळात गेलेल्यांसाठी लोक खिडकीत मेणबत्ती लावतात त्या दिवशी ते बाहेर येणार, हेसुद्धा सांगितलं. संदेश सरांनी पेढे मागितले, मी आणले. मग मधल्या सुट्टीत तू पाठवलेली पहिली पानं मोठी करून बघितली. अर्पणपत्रिका वाचली. 'हान्ना पेत्रीव्ना यांस, ज्यांनी मला ऐकायला शिकवलं.' शमू, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुला बोलायला मी शिकवलं. पाटीवरचा पहिला श्री माझ्या हाताखाली गिरवलास, सनावळ्या माझ्याकडून पाठ केल्यास, आणि ऐकायला म्हणे त्यांनी शिकवलं. तोंडातला पेढा गोड लागेना.

खरं तर त्या बाईंनी माझं काहीच वाकडं केलेलं नाही. तू डॉक्टर व्हायला युक्रेनमधल्या पोल्टाव्हाला गेलीस, होस्टेलवर करमेना म्हणून त्यांच्याकडे खोली घेतलीस, तेव्हा मीच देवापुढे साखर ठेवली होती, की चला, पोरीला कुणीतरी वडीलधारं माणूस मिळालं. त्या तेव्हाच नव्वदी ओलांडलेल्या, तरी तुला थंडीचे मोजे विणून देणाऱ्या. पहिला महिनाभर तू त्यांना हान्नाआजी म्हणायचीस, पुढे बाबूस्या झालं. तिकडे आजीला असंच म्हणतात, असं तू मला समजावलंस. मी इथून आमसुलं पाठवली ती तुझ्यासाठी. त्यांना आंबट आवडतं म्हणून तू निम्मी त्यांना देऊन टाकलीस आणि त्यांनी ती बीटाच्या सारात घातली. बाबा हसले. आमसुलांवरून कुणी रुसतं का? मी रुसले. अजूनही दर रविवारी तू आधी त्यांना फोन करतेस आणि मग मला. तू कधी बोलली नाहीस, पण मला कळतं. माझा फोन वाजतो तेव्हा तुझं रडून किंवा हसून आधीच झालेलं असतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा मी आठ दिवस टीव्हीसमोरून हलले नाही. तू एका बॅगेनिशी सीमा ओलांडून परत आलीस आणि ती बॅग मी उघडली. मी विणलेला निळा स्वेटर तिकडेच राहिला होता. बॅगेत त्यांनी भरतकाम केलेला टॉवेल होता आणि त्यांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं भरलेली हार्ड डिस्क. लेक जिवंत परत आली याचा आनंद करायचा सोडून मी स्वेटर शोधत बसले.

मग स्वयंपाकघरात खाली बसून तू मला त्यांची हकीकत सांगितलीस. पीक आलेलं असतानाच सरकारी टोळ्या लोखंडी गज घेऊन घरोघर फिरल्या, चुलीखाली, भिंतीत, जमिनीत गज खुपसून धान्य शोधलं आणि सापडेल ते नेलं. हान्ना सहा वर्षांची. तिच्या आईने घेवड्याचे दाणे उशीत शिवून ठेवले होते, ते उशी फाडून नेले. उन्हाळा लागायच्या आत धाकटा भाऊ गेला. तशी लाखो माणसं गेली, आणि पुढे पन्नासएक वर्षं असं काही घडलंच नाही, असं शाळेत, कचेरीत, सगळीकडे म्हणायचं होतं. भाऊ तापाने गेला असंच सांग, म्हणून आईने हान्नाला बजावलं होतं. साठी उलटल्यावर त्या पहिल्यांदा खरं बोलल्या. ऐकताना मी रडले ते तुला दिसलं. त्याच वेळी माझ्या मनात आलं ते तुला दिसलं नाही. हिने त्यांना विचारलं, असं मनात आलं. आपल्या आजीच्या कुशीत ही पोरगी इतकी वर्षं झोपली, तिला एकदा तरी विचारलं का, की आजी, तू लहानपणी काय खायचीस?

पुढे तू डॉक्टरकी सोडलीस, पुण्यात इतिहास घेतलास, शिष्यवृत्ती मिळवून कॅनडाला गेलीस. बाबांना ते पटलं नाही, मी तुझी बाजू घेतली. इतिहास माझा विषय. लेक आईच्या वाटेने चालली, असं मी सगळ्यांना सांगायचे. तू मात्र सगळ्यांना सांगायचीस, हे बाबूस्यामुळे.

म्हणून गेल्या वर्षी तू पाठाचा मसुदा मला पाठवलास आणि मराठीत करून नववीला शिकवून बघ म्हणालीस, तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. हे काम हान्नाबाईंना जमणारं नव्हतं! मी जीव ओतून शिकवलं. ओमकारने विचारलं, "बाई, पीक आलेलं तर दुष्काळ कसा पडला?" मी हातातला खडू खाली ठेवला. सगळा पाठ त्या एका प्रश्नात होता. शेवटी तू गृहपाठ दिला होतास. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, टंचाईच्या दिवसांत काय खाल्लं. सांगतील तसंच लिहा, पदरचं काही घालू नका, आठवत नाही म्हणाले तर 'आठवत नाही' असं लिहा. त्याखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. दुष्काळ झालाच नाही म्हणणारे अजून आहेत आणि एक खोटी साक्ष त्यांच्या हाती लागली की शंभर खऱ्या साक्षी ते खोट्यात काढतात, असं तू मला फोनवर समजावलंस. मी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली.

बऱ्याच मुलांनी 'आठवत नाही' लिहून आणलं, काहींनी कण्यांच्या कणेरीचं, फणसाच्या आठळ्यांचं लिहिलं. मी तुला ते फोनवर सांगत होते आणि तू एकदम विचारलंस, "आणि आपल्या आजीने काय सांगितलं?" तुझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, लिहून पाठवते.

मी पाठवलेली गोष्ट तुला तोंडपाठ आहे, तरी एकदा माझ्या हाताने लिहू दे. आजी, म्हणजे तेव्हाची आनंदी, आठ वर्षांची, माहेर दाभोळच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झालेला. भर पावसात घरात दाणा नाही. आनंदीची आई आंब्याच्या कोयी फोडून आतला गर सात पाण्यांत भिजवायची, तुरटपणा गेला की चुलीवर वाळवून दळायची आणि मूठभर नाचणीच्या पिठात मिसळून भाकरी थापायची. सावकाश चाव म्हणजे पुष्कळ वाटते, असं लेकीला सांगायची. तू वाचून फोनवर हमसून रडलीस. पाठाचं नाव 'सात पाणी' ठेवलंस. त्यांच्या भाषेत करून हान्नाबाईंना वाचून दाखवलंस, आणि त्या म्हणाल्या, ही आनंदी माझी बहीण. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, डोळे अधू असताना, त्यांनी या बहिणीसाठी टॉवेल भरायला घेतला. हे ऐकून मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतक्या वर्षांनी त्यांच्या घरात माझ्या घरातली गोष्ट चालली होती. मी जिंकले होते.

आजीने मला त्यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ती "काय आठवत नाय" म्हणाली आणि उठून पडवीत जाऊन बसली. तेवढंच लिहायचं होतं, दोनच शब्द, माझ्याच फळ्यावर होते ते. पण तुला 'आठवत नाही' कसं पाठवू? हान्नाबाईंकडे उशी आणि भाऊ, आणि आमच्याकडे काहीच नाही? टंचाईत माणसं कोयी खायची हे मी कुठेतरी ऐकलं होतं. बाकी सगळं रचलं. सात हा आकडासुद्धा माझाच, कानाला बरा लागला म्हणून घातलेला. कॅनडात काय छापतात ते पडवीतल्या म्हातारीला कोण सांगणार आहे, असा विचार केला.

सानवीने सांगितलं. माझ्या गेल्या वर्षीच्या वर्गातली, शेवटच्या बाकावरची. शाळेच्या कार्यक्रमात 'सात पाणी' हा पाठ तिला वाचायचा आहे, आणि ज्यांची गोष्ट त्यांना आधी वाचून दाखवावी असं तिच्या मनात आलं, म्हणून गेल्या शनिवारी ती घरी आली. मी आत फोडणी देत होते. बाहेर येईपर्यंत तिचं वाचून होत आलं होतं. आजी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "खोटा हाय ता, बाय. कोय आमी नाय खाल्ली. आमच्याकडं भात व्हता."

आजीच्या बापाने भाताचे मुडे, म्हणजे पेंढ्यात बांधलेली गाठोडी, गवताच्या राशीखाली लपवले होते, शमू. वरच्या वाडीतली एक बाई कडेवर पोर घेऊन पेज मागायला आली. बापाने चूल विझवली, सगळ्यांना माजघरात गप्प बसवलं आणि आठ वर्षांच्या आनंदीला दारात पाठवलं, कारण लहान पोराचं बोलणं खरं वाटतं. आमी पण उपाशी हाव, असं तिने सांगायचं होतं. तिने सांगितलं. आजी सानवीला म्हणाली, "ती मागं फिरली. आमी चोखून टाकलेल्या कोयी उकिरड्यावर व्हत्या, त्या पदरात भरल्यान नि गेली. मंग परत नाय दिसली." मी दारात उलथनं घेऊन उभी होते. सानवी मान खाली घालून शब्द न् शब्द लिहीत होती. मी फळ्यावर लिहिलेलं तिच्या बरोबर लक्षात राहिलं होतं.

आणि आजी दोन्ही वेळ व्यवस्थित जेवते असं मी वर लिहिलं ते खरं नाही. शनिवारपासून ती ताटातला निम्मा भात बाजूला काढून ठेवते. विचारलं तर म्हणते, "ऱ्हाऊ दे, कोण आला तर."

तर एवढ्यासाठी हे पत्र. 'सात पाणी' पुस्तकातून काढून टाक, छपाईला जायच्या आत. आम्ही पण उपाशी होतो, हे खोटं आजीकडून तिच्या बापाने आठव्या वर्षी वदवून घेतलं ते भात राखायला. तेच खोटं मी नव्वदाव्या वर्षी पुन्हा तिच्या तोंडी घातलं, आणि ते कशासाठी, तर रविवारचा तुझा पहिला फोन मला यावा म्हणून. सानवीच्या वहीतल्या पानाचा फोटो शेवटी आहे. ते घ्यायचं की नाही तू ठरव. आजीला मी विचारलं, ती "छापा" एवढंच म्हणाली. मी काय केलं तेही छापायचं असेल तर माझ्या नावासकट छाप, म्हणजे शिक्षकांना कळेल की वर्गात कोणावर लक्ष ठेवायचं. हान्नाबाईंना मात्र तूच सांग, त्यांच्या भाषेत मला माफीसुद्धा मागता येत नाही. त्यांना म्हणावं, टॉवेल थांबवा, आनंदी तुमची बहीण नव्हे, दाराच्या आतली आहे. त्या काय म्हणतात ते नीट ऐक. उद्या रविवार आहे. आधी त्यांनाच फोन कर, शमू. मी थांबते.

तुझीच जळकुटी,
आई