कडीच्या वर चार बोटे

दिनांक १९, बुधवार

चि. धाकटीस,
थोरल्या भावाचे आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. तिकडचे क्षेम विचारण्याची ही वेळ नव्हे, हे मला समजते. गुडघा सोडल्यास माझी प्रकृती उत्तम. तुझ्या वहिनीने लोकरीची शाल पाठवली आहे; ती गरम पाण्यात धुऊ नये.

सोबत चौकशी समितीचा कागद आहे. मजकूर एवढाच : ‘माझा मुलगा नियम मोडून, स्वतःच्या मर्जीने खुर्चीवरून उठला.’ तळाशी उजवीकडे सही करावी. शुक्रवारपर्यंत कागद पोहोचला नाही, तर समिती त्याच्या विमानातील ध्वनिफीत सर्वांसमक्ष ऐकवणार आहे.

आमच्या कारखान्यात बनणाऱ्या विमानास कामगार ‘खोका’ म्हणतात. मला तो शब्द पसंत नाही. कागदाचा लगदा व सरस यांचे असले, तरी ते बॉम्बफेकी विमान आहे आणि आभाळापलीकडील शत्रूच्या तरंगत्या वसाहतींपर्यंत पोहोचते. खर्च वाचावा म्हणून बॉम्बच्या कप्प्याच्या दारास मोटर दिलेली नाही. वैमानिकाने बसल्या जागी दोरी ओढावी, कडी निघावी, दार उघडावे. वरच्या थंडीत चौकट आखडते आणि कडी अडते.

हे मला पहिल्या विमानापासून ठाऊक होते. सहाशे अकरा विमानांवर माझा ‘उत्तम’ हा शिक्का आहे.

चौथी शिकलेला माणूस मुख्य तपासनीस झाला, तेव्हा इंजिनियर हसले होते. एक जरी विमान मी परत पाठवले असते, तरी त्यांनी कारण लेखी मागितले असते, आकृतीसह. ते मला जमले नसते. हे वाक्य वाचून विसरावे.

तुझा मुलगा विमान ताब्यात घेण्यास आला, तेव्हा त्याने सर्वांदेखत विचारले, “मामा, ही कडी अडते हो. वर गेल्यावर काय करू?”

मी म्हणालो, “आईचं कपाट अडलं की काय करतोस? कडीच्या वर चार बोटं, मुठीचा एक ठोसा. उठायचं, ठोकायचं, परत येऊन बसायचं.”

“आणि दाराबरोबर मीच खाली गेलो तर?”

“तर तुझ्या आईला कळवीन, पोरगं बापासारखंच धांदरट निघालं.”

सगळे हसले. तोही हसला. मी त्याच्यासमोरच शिक्का मारला.

ध्वनिफीत मला एकट्याला ऐकवण्यात आली. तू सही केलीस, तर ती पुन्हा कोणी ऐकणार नाही. त्यात काय आहे, हे तुला अन्य कोणाकडून कळू नये, म्हणून लिहितो. तो घाबरलेला नव्हता. एक ठोसा ऐकू येतो. नंतर त्याचा आवाज, अगदी आनंदाचा :

“मामा, उघडलं!”

पुढे वारा आहे.

शाल मिळाल्याचे कळवावे. कपाटाचे दार सुताराकडून नीट करून घ्यावे; ठोकू नये. सही तळाशी, उजवीकडे.

तुझा थोरला भाऊ,
मुख्य तपासनीस