मोनाच्या सशाबद्दल खरं

बेलव्ह्यू, अमेरिका, मंगळवार, १४ मार्च २००६

तीर्थरूप अण्णा आणि आई, दोघांनाही नमस्कार.

शेजारच्या सुनेत्राकाकूंच्या मोनाचा ससा पळून गेला, असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. त्याला बेकूने मारलं.

बेकू म्हणजे माझी कोरियन मैत्रीण सूजिन हिचा जिंदो, कोरियातला शिकारी कुत्रा. ती सहा महिन्यांसाठी सोलला गेली तेव्हा म्हणाली, "हा एकालाच मानतो, धीर धर." चार महिने मी समोर असेपर्यंत तो खाण्याला तोंड लावत नसे. हाक मारली की दुसरीकडे बघतो, सहा फुटी कुंपण मांजरासारखा चढतो. अगदी वैताग आणलाय! आणि मला मानायला लागला, तर तो ससा आणून माझ्या पायाशी ठेवला आणि शाबासकीसाठी बघत बसला. मी ओरडले, तर दोन दिवस उपाशीच राहिला.

ससा मी मागच्या अंगणात पुरला. मोना रोज विचारते, "ताई, डिड यू सी हिम?" मी विषय बदलते.

सांगितलं तर घरमालक बेकूला ठेवू देणार नाहीत, आणि दुसऱ्या कुणाकडे तो जेवणार नाही. पण शाळेत घालण्याआधी तुम्हीच घरी शिकवलंत ना अण्णा, की गप्प राहणंही खोट्यातच धरायचं?

आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते, काळजी नसावी.

मोनाकडे शनिवारी, १८ तारखेला सकाळी खरं सांगायला जाणार आहे.

तुमची,
अबोली