तांबड्या पट्ट्यातला आड

१२ जानेवारी १९९७, बारामती

माफ कर, डायरी. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. परीक्षा, पेपर तपासणं, भाचीचं बाळंतपण – सबबी भरपूर आहेत, खरी एकही नाही.

भूजल संरक्षणाच्या संशोधन प्रशिक्षणात माझी निवड झाली! वर्ग आमच्याच कॉलेजात, शिकवणारे सर पुण्याहून येतात. रसायनशास्त्र शिकवणारी मी, चाळिशी उलटल्यावर पुन्हा बाकावर. शेजारी फरहत, शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्याच तासाला कानात म्हणाली, "ताई, माझ्या पोरांचे शाप लागले बघा."

काम असं – एक गाव निवडायचं. वरची घाण तिथल्या जमिनीखालच्या पाण्यापर्यंत किती सहज पोचेल, त्याचा नकाशा रंगवायचा. हिरवा, पिवळा, तांबडा. मी वरकुटे घेतलं. सर म्हणाले, "माहेर? जपून हं. ओळखीच्या गावात माणसाला दिसत नाही." मी हसले.

१९ जानेवारी, वरकुटे

भाचीचं, अंजलीचं बाळ छान आहे. जावळ दाट! तिला दूध कमी, म्हणून डब्याची पावडर चालू केली आहे. वहिनीला मागच्या खेपेला बजावलं होतं, पाणी उकळूनच वापर. शालन म्हणाली, "व्हय वन्सं, पार अर्धं आटंस्तोवर उकळती." बरं वाटलं.

भावानं, श्रीपतीनं गोठा दाखवला. अंगण लख्ख, चिखलाचा थेंब नाही. गोठ्याचं सगळं धुवण चर काढून फेल गेलेल्या बोअरमध्ये सोडलंय. "आक्का, रेडिओवर सांगत्यात न्हवं, पाणी जिरवा? आमी जिरवतोय! फेल बोअरचा असा उपेग तालुक्यात कुनी केला नसंल."

मी वहीत लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं.

आमच्या वस्तीचा आड तिथून खाली, ओढ्याच्या काठाला. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी खांदला, घरटी एक माणूस. सारजाआजी तेव्हा नवी नवरी, माती वाहायला होती. "भात्तरच्या दुस्काळात समद्या गावच्या घागरी हितं लागल्या व्हत्या. आमी कुनालाबी न्हाय म्हटलं न्हाय." सांगताना अजून पदर नीट करते.

बाटली भरून आणली.

२४ जानेवारी

नकाशा झाला. आडाशी पाणी उथळ, वर भुसभुशीत मुरूम, खाली भेगाळलेला खडक, उतार सगळा ओढ्याकडे. बहात्तरला तो आटला नाही तो याच्यामुळेच. आणि वरचं जे काही सांडेल, ते त्याच्यात उतरणार तेही याच्यामुळेच! तांबडा मी इतका फिका भरला की फरहत म्हणाली, "पेन्सिलीला टोक नाही का ताई?"

२७ जानेवारी

नायट्रेट तपासलं. नळीतला पिवळा रंग गडद होत गेला, थांबेचना. मर्यादेच्या चौपट. पुन्हा केलं. तेच.

सर म्हणाले, "एका बाटलीवर निष्कर्ष नको. आणखी नमुने आणा, मग बोला." बरोबरच आहे. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगते. पण ते ऐकून मला सुटल्यासारखं का वाटलं?

कारण सांगायचं ते वस्तीला – आड सोडा म्हणून. मग पाणी कुठलं? नळ मंजूर आहे, पाइप आलेले नाहीत. राहिली गावची विहीर. आता तिथं कुणी अडवणार नाही. पण चाळीस वर्षांत आपल्यातल्या कुणी तिथं घागर नेलेली नाही. न्यावी लागली नाही, हाच तर आडाचा मान!

रविवारी जाऊन नमुने आणीन. घाई नको.

३० जानेवारी

सकाळचा तास – नायट्रेट आणि बाटलीवरची तान्ही मुलं. रक्त प्राणवायू नेईनासं होतं. ओठ, नखं निळी पडतात. सर पुढे सहज म्हणाले, उकळून हे जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट मागे राहतं. म्हणजे वाढतं.

अर्धं आटंस्तोवर!

एस.टी.त बसून लिहितेय. अक्षर हलतंय.

३१ जानेवारी, बारामती, दवाखाना

काल पोचले तेव्हा बाळाला दोन गोधड्यांत गुंडाळलेलं. अंजली म्हणाली, "आत्या, थंडीनं ओठ निळं पडल्यात का गं याचं?" थंडी कुठली! दुपारचे दोन वाजलेले.

जीप करून इथं आणलं. डॉक्टरांना आधी पाण्याचं सांगितलं. इंजेक्शन दिलं. आज नखं गुलाबी दिसतात. दर घटकेला दुपटं सारून बघते.

शालन म्हणाली, "वन्सं, म्या तर तुमी सांगितलं तसंच केलं." टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी जंतूंसाठी सांगितलं होतं. ते चूक नव्हतं. पण सोमवारपासून चौपटीचा आकडा माझ्या पर्समध्ये होता आणि मी रविवारची वाट बघत होते.

२ फेब्रुवारी, वरकुटे

श्रीपतीनं बोअरचं तोंड सिमेंटनं बुजवलं. मग मला, "आता तरी सुधरंल न्हवं पानी?"

त्याला सांगितलं, आत गेलंय ते अजून खडकातून वाटेवर आहे. किती दिवस येत राहील, सांगता येत नाही.

वस्ती आडापाशी जमली. सारजाआजी म्हणाली, "मंजी आता त्यांच्याकडं जायाचं? तुला शिकवली ती ह्येच्यासाठी व्हय गं?"

आडाचे आणि गावच्या विहिरीचे नमुने घेऊन निघाले. मागं रहाट वाजला म्हणून वळले. वस्तीतली रतन पाणी शेंदत होती. आठवा महिना आहे तिला.

५ फेब्रुवारी, बारामती

आडाचं पाणी आधीपेक्षा वाईट. गावची विहीर चढावर, ती स्वच्छ निघाली. दोन्ही खराब निघावीत असं मला वाटत होतं. हे इथंच लिहिता येतं.

उद्या – वरकुटे. गावच्या विहिरीवरून पहिली कळशी मी आणायची, रतनच्या घरी.