बारा कोमट बाटल्या

चौसाळा. फेब्रुवारी १९९७, बुधवार संध्याकाळ.

हात तीनदा धुतले. बारा बाटल्या, बाराही कोमट.

साखरेचा आजार होऊ नये म्हणून या मजूर बायांनी रोज चालायचं. बुधवारी लघवी साफ निघाली की दवाखान्यातून दहा रुपये. वर्षभर साफच निघाली आणि मी नर्स म्हणून मिरवत राहिले. कुणी दूरच्या मळ्यातून येते, तरी बाटली कोमट कशी? कधी विचारलं का मी? मूर्ख.

आज निळ्या औषधात थेंब टाकून उकळलं. पहिली नळी विटकरी झाली, म्हणजे साखर. मग दुसरी. बाराही तशाच, एकाच छटेच्या. एकच बाई बारा जागी बसल्यासारखं वाटलं.

शेवटी त्या बारांतली गयाबाई रडत बोलली, "बाई, आमी समद्या पारूचीच आणतो. तिला काय न्हाई म्हणून. हितंच बाभळीमागं भरतो."

पारू, धनगराची सून. विशीतली, काटकुळी. बाटल्या इथंच भरलेल्या, म्हणून कोमट.

"एकटीच्या बारा बाटल्या?"

"आदी लई चहा पाजावा लागायचा. ह्या बुधवारी न पाजताच भरल्या."

खिडकीतून पाहिलं. पारू माठापाशी उभी होती. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती.