डब्यातली साखर

एडमंटन (कॅनडा), १२ नोव्हेंबर २००६

ती. सौ. चित्राताईस,
नंदनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी "बरा आहे" एवढंच बोलतो असं तुझं म्हणणं, म्हणून हे पत्र. नववीतून पळालेल्याचं अक्षर आहे, हसू नको. गौरांगीला तर दाखवूच नको, ती मामाच्या चुका काढत बसेल.

हॉटेल बंद पडलं. आता मी "शेजार" नावाच्या संस्थेत आहे. एकटं राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच डबा द्यायचा. रांधतो मी, व्हॅन घेऊन वाटतोही मीच. बाकी सगळे व्हॉलंटिअर, म्हणजे रिटायर झालेले डॉक्टर-इंजिनिअर. ते मीटिंगा घेतात. मुख्य उल्हासकाका म्हणतात, ही नोकरी नव्हे रे, सेवा आहे. मी म्हटलं, काका, परमिट नोकरीचंच मिळतं. हसले, पण खरं तेच आहे. हे काम गेलं की मी थेट गारगोटीला परत.

तसंही मन रमत नाही. उत्तरेला तेलाच्या कॅम्पात स्वयंपाकी हवेत. परमिटचं तेच बघतील म्हणतात. बर्फ वितळलं की जाईन.

एक घर मात्र सांगण्यासारखं आहे. मृणालिनीबाईंचं. जुनं घर, भिंतीत दुधाचं छोटं कपाट. एक दार बाहेर दूधवाल्यासाठी, एक आत स्वयंपाकघरात. दूधवाले गेले, कपाट राहिलं. मी बाहेरून डबा ठेवतो, कालचा उचलतो. तो धुतलेला असतो, आणि तळाशी चिमूटभर साखर! आई नाही का म्हणायची, कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये? ती साखर मी व्हॅनमध्ये चहात घालतो. बाईंना अजून पाहिलेलं नाही, घरात शिरायचं नाही असा नियम आहे. ऑफिसात विचारतात, साखर आली का? आली म्हटलं की बाई ठीक. त्यांना रोज फोन करायचे, तोही आता बंद केलाय.

थंडी पडली. इथे थंडीत घराघराच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघते. घरं श्वास घेतायत असं वाटतं.

लोभ आहेच, तो गोठू देऊ नको.
तुझा नंदन


गारगोटी, ४ डिसेंबर २००६

चि. नंदन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र गौरांगीनेच मोठ्याने वाचलं. चुका मोजायचं तिनेच सोडून दिलं. तुझे भावोजी म्हणाले, घरी पाण्याचा पेला न उचलणारा तिकडे पोळ्या लाटतो, देव आहे म्हणायचा.

कॅम्पाचं खूळ डोक्यातून काढ. एका जागी बूड टेकलंय तर टेकू दे.

त्या बाईंचं वाचून मात्र मला चैन नाही. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या हातचं रोज खातोस? दोन शब्द तरी बोल. साखर आली म्हणजे माणूस ठीक, हे तुमच्या शिकलेल्या लोकांनी कुठून काढलं? साखर काय, कुणीही घालेल.

कानाला गुंडाळून जात जा. पत्राची वाट बघायला लावू नको.
तुझी ताई


एडमंटन, २१ जानेवारी २००७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही, "कुणीही घालेल." जे झालं ते सरळ लिहितो.

परवा बाईंच्या घरी गेलो. रात्रभर बर्फ पडलेलं. आजूबाजूच्या घरांतून वाफ निघत होती, यांच्या धुराड्यातून काही नाही. कपाट उघडलं तर कालचा डबा जड लागला. झाकण काढलं. पोळी-भाजी तशीच, गोठून दगड झालेली. आणि पोळीवर चिमूटभर साखर.

भरल्या डब्यात साखर कोण घालतं, ताई?

दार ठोठावलं, हाका मारल्या. काकांना फोन केला. ते म्हणाले, साखर आली ना, मग बाई ठीक आहेत. दार-बिर फोडलंस तर इन्शुरन्स, ग्रँट, तुझं परमिट, सगळं जाईल. मी ओकव्हिलला त्यांच्या मुलाला विचारतो, तू थांब. थोड्या वेळाने काकांचा परत फोन, मुलगा फोन उचलत नाही. मी घराला चक्कर मारली. कोवळ्या बर्फात माझ्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. मग बर्फ काढायचं शोव्हल उचललं आणि बेसमेंटची खिडकी फोडली.

आत बाहेरच्यासारखाच गारठा. घर तापवायची फर्नेस बंद पडलेली. बाई स्वयंपाकघरात पडलेल्या, कपाटापासून लांब, टेबलावरचं कापड ओढून अंगावर घेतलेलं. मांडी मोडलेली. जीव होता. अँब्युलन्स आली.

काल हॉस्पिटलात भेटलो. आदल्या सकाळपासून पडून होत्या. मी डबा ठेवला तो आवाजही त्यांनी ऐकला म्हणे, पण ओरडायला गळ्यात काही उरलं नव्हतं. मी उगीच म्हटलं, तुमची साखर मी रोज खातो. त्या म्हणाल्या, मला डायबेटिस आहे रे, घरात कित्येक वर्षांत साखर नाही. मी डबा रिकामाच ठेवते, लाज वाटते, पण करू काय? डब्यात साखर घालायची सवय ह्यांची होती. हे गेले, तेव्हाच ते संपलं.

ती साखर मी अख्खा हिवाळा चहात घालून प्यालोय.

कामाचं काय ते मीटिंगमध्ये ठरेल. रागावू नको, लगेच लिही.
नंदन


गारगोटी, १० फेब्रुवारी २००७

चि. नंदन यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र या वेळी मीच वाचलं, दार लावून. तुझे भावोजी म्हणतात, शेजारीपाजारी कुणी घालत असेल. मी विचारलं, बर्फावर पाऊल न उमटवणारा शेजारी कसला?

तू भिऊ नको. ज्याने कुणी दिली त्याने तुला जेवू घालणाऱ्याचा मान दिला. खाल्ल्या मिठाला जागतात, तू साखरेला जागलास. परमिट गेलं तर जाऊ दे, ये घरी. आणि राहिलं, तर पुन्हा पळू नको एवढंच मागते.

तुझी काळजी आहेच, ती आता थोडी अभिमानाची.
ताई


एडमंटन, २५ मार्च २००७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम राहिलं. मीटिंगमध्ये मला काढायचं चाललं होतं. काकाच उठले. म्हणाले, चूक माझी, साखरेवर विसंबून मी फोन बंद केला. आता नियम बदलला. माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय डबा ठेवायचा नाही.

बाईंना केअर होममध्ये ठेवलंय. डबा मीच नेतो, रिकामा देताना अजून माफी मागतात. घर विकायला काढलंय. फर्नेस बंद, पडदे काढलेले.

परवा एक डबा उरला. का कोण जाणे, व्हॅन त्या घराशी थांबवली आणि कपाटात ठेवून आलो. काल बघितलं. धुतलेला होता, तळाशी साखर.

या वेळी चहात घातली नाही. तसाच बाईंकडे नेला. तुमच्या कपाटातला आहे, एवढंच म्हटलं. त्यांनी बोट ओलं केलं, एक कण जिभेवर ठेवला. मग म्हणाल्या, घर विकेपर्यंत तिकडेही डबा ठेवत जा रे. हे उपाशी राहायला नकोत.

कॅम्पाला नाही म्हणून कळवलंय.

गौरांगीला गोड पापा. माझ्यावरचा जीव आहे तसाच ठेव.
तुझा नंदन