शिंपिणीचा शेजार

९ मे. सकाळ, जप आटोपून.
शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर यंदाही मलाच. शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं की मागच्या वर्षीसारखी पहिल्या दिवशी निम्मी पोरं घरच्या कपड्यांत दिसली, तर काम कायमचं समोरच्या टेलरला जाईल. वर्षाचं पोट या एका ऑर्डरवर आहे, हे काय मला कळत नाही? म्हटलं, बाई, निर्धास्त असा. संकल्प: उद्या पहाटेपासून मशीनवर.

१० मे
पहाट हुकली. पण देवाची योजना वेगळीच होती. मशीनला लागून खिडकीत रुंद पानांचं झाड आहे. त्याची दोन पानं एक चिमुकला पक्षी शिवतोय. शिंपी पक्षी! सुईच्या जागी चोच, दोऱ्याच्या जागी कोळ्याचं जाळं. या रस्त्यावर खिडक्या काय कमी होत्या? शिंपीण माणूस पारखूनच आली. दिवसभर तिची शिलाई पाहिली. धंद्यातलं शिकायला वयाची अट नाही.

१५ मे
पानाच्या द्रोणात अंडी. आता मशीनची खडखड म्हणजे पाप. संकल्प: पिल्लं उडेपर्यंत सगळं हाताने शिवायचं. पूर्वी कुठे मशिनी होत्या? हिला सांगितलं. ही म्हणाली, पाखरू अंड्यांवर बसलंय ते कळतं, तुम्ही कशावर बसलाय?
हिच्याशी भूतदयेवर बोलण्यात अर्थ नाही.

१८ मे. दुपार.
हाताने दोन बाह्या पुऱ्या केल्या. टाके असे की बघत राहावं. आत्ता लक्षात आलं, दोन्ही डाव्याच. असू दे. मन एकाग्र झालं, ते महत्त्वाचं.
मी जवळ गेलो की ती शेपटी उभारून ओरडते. ही म्हणते, हाकलतेय तुम्हाला. मला तो नमस्कार वाटतो.

२३ मे
अनर्थ. मी देवळात गेलो असताना हिने मशीनवर उशांचे अभ्रे शिवून काढले! वर मलाच सांगते, पाखरू जागचं हललं नाही. भीतीने गोठलं असणार. किंवा भिडेखातर बोललं नसेल. मी हिला समजावलं. मग हिने मला समजावलं. हिचं समजावणं जेवणं झाली तरी चालूच.

२९ मे
पिल्लं! अंगावर पीस नाही, नुसत्या उघड्या चोची. नर-मादी दोघंही सकाळपासून अळ्या आणतात. हीसुद्धा बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, आली एकदाची वळणावर. म्हणाली, नरही राबतो हो यांच्यात.
समोरचा टेलर येऊन गेला. कालचं पोरगं, पण नम्र. म्हणाला, काका, निम्मं कापड माझ्याकडे टाका, वेळेत करून देतो. मी वर बोट दाखवून म्हटलं, बाबा रे, वेळ त्याच्या हातात. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

७ जून
मोठ्या बाई दुकानात. म्हणाल्या, काय काय झालंय ते दाखवा. मी घरटं दाखवलं. बाई वाकून बराच वेळ बघत होत्या. विरघळल्या, असं वाटलं. सरळ होऊन म्हणाल्या, छान आहे, कापड बांधून द्या.
कापड गेलं. लांब नाही, रस्ता ओलांडून समोर. ही दारातून बघत होती. मग आत जाऊन मशीनवर कापड झाकलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

८ जून
विचारांती वाटतं, झालं ते उत्तमच. आता पिल्लांकडे पूर्ण लक्ष देता येईल.

१२ जून
घरटं रिकामं. काल संध्याकाळी होती सगळी. निरोप नाही, काही नाही. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, उपकार करावे आणि विसरावे. मी अजून विसरलो नाही, पण ती विसरलेली दिसतात.
संकल्प: मशीनला तेल घालायचं. शिवायला काही नाही, पण तेल घालायला काय हरकत आहे?

२५ जून. संध्याकाळ.
आजपासून समोरच्या टेलरकडे, कॉलरवर टिपा मारायला. हिने परस्पर ठरवून टाकलं. त्याच्याकडे मशिनींचा असा धडाका की आपला जप आपल्याला ऐकू येत नाही. मला खिडकीजवळची जागा दिली. बसतो तर हाताशी कुंडी, कुंडीतल्या पानांत ताजं घरटं आणि घरट्यात ती. आपलीच. मान वाकडी करून बघायची तीच लकब. मी हळूच खाकरलो. ओळख दिली नाही. बरोबरच आहे, कामाच्या ठिकाणी घरोबा दाखवू नये.
मग मी पाय अलगद ठेवून, आवाज होणार नाही असा एकेक टाका घेत राहिलो. तिकडून मालक ओरडला, काका, मारा की पाय जोरात, तिला सवय आहे!