सगळं पाणी एकाच मोरीत

पेडणे, गुरुवार, चवथीच्या आदल्या आठवड्यात

ती ओळ डोक्यातून जातच नाही. माझ्याच प्रोग्रॅममधली ओळ! महिनाभर डिचोलीच्या ऑफिसात सांगत फिरलो, नवा सर्व्हर मंद आहे. काल तो बसवणाऱ्या बेळगावच्या पाटीलला साहेबांसमोर नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "सर, मेमरी कुठं बसतीया ते एकदा बघा की." मी हसलो.

आज घरी आलो, तर वहिनी कळशी घेऊन अंगण ओलांडत होती. चुली वेगळ्या झाल्या, वहिनीची अंगणापलीकडे गेली, तरी आई पहाटे उठून स्वतःचं नि तिचं पाणी आपल्याच मोरीत भरून ठेवते.

"माझां पाणी मीच भरीन, आई."

"मी भरून ठेवलंय मां सगळां!"

मी पायरीवरच थांबलो. सर्व्हरमध्ये प्रोसेसर दोन, प्रत्येकाच्या शेजारी त्याची मेमरी. मेमरी वाटून देणाऱ्या कर्नलचा, म्हणजे सर्व्हरच्या मूळ प्रणालीचा, नियम साधा: जागेला जो आधी हात लावेल त्याच्याच शेजारी ती मिळते. आणि माझी ती ओळ सुरुवातीलाच, एकट्या पहिल्याकडून, सगळ्या जागेत शून्यं भरून घेते. दुसरा मग दिवसभर अंगण ओलांडत बसतो.

ओळ बदलली. ज्याचं त्याने भरायचं. घरूनच चालवून पाहिलं. चहा निवायच्या आत काम संपलं. मग हे बरं का वाटत नाही?

मघाशी आईला सांगायला तोंड उघडलं होतं, वहिनीचं वहिनीला भरू दे म्हणून. मिटलं. पाटीलला अजून फोन केलेला नाही, आणि मी आईला शिकवणार!